संगणक म्हणाला, भूमिती चुकली



संगणक बिघडल्याची गोष्ट सांगायला घेतली की आपल्यातले निम्मे जण पुढचा लेख उघडतात, हे मला माहीत आहे. पण ही गोष्ट चौथीच्या वजाबाकीची आणि सातबाऱ्याची पण आहे. शाळेतल्या जुन्या संगणकावर तुम्ही पोरांचं काही जपून ठेवलं असेल, तर तुमच्या कामाची आहे.

आमची शाळा पाथर्डी तालुक्यात, वस्तीवर. द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. शाळेत एक संगणक होता, २०१२ साली गावाच्या लोकवर्गणीतून घेतलेला. पुढं व्हायरसनं तो इतका मंद झाला की चालू करायचा आणि परिपाठ घेऊन यायचा, तेव्हा कुठं पडदा दिसायचा. २०१५ मध्ये मी त्यावर लिनक्स टाकलं. डीएडला असताना संगणक हा विषय आम्ही जास्त करून तोंडीच शिकलो, त्यामुळं हे सगळं नंतर चुकतमाकत शिकलेलं. ३२० जीबीच्या डिस्कची वाटणीही मीच केली: २० जीबी सिस्टिमला, ४ जीबी स्वॅपला आणि उरलेली सगळी जागा शाळेच्या साहित्याला.

त्या तिसऱ्या वाट्यात ‘वाचन’ नावाचं फोल्डर होतं. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला. कोण प्रगत, कोण अप्रगत याच्या याद्या आम्ही करायला लागलो. यादीत नुसती खूण असते. ती खूण बघून पालकाला काहीच कळत नाही, आणि खरं सांगायचं तर वर्षभरानं मलाही कळत नाही. म्हणून मी प्रत्येक मुलाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागलो. दोन-अडीच महिन्यांतून एकदा, दोन-दोन मिनिटं. मुलाच्या नावाचं फोल्डर, आत तारखेनं फाइली. चौथी सुटताना निरोप समारंभात प्रत्येक मुलाचा पहिलीतला आवाज लावायचा आणि लगेच चौथीतला, अशी आमच्या शाळेत पद्धतच पडली. भाषणं कोणी ऐकत नाही, पण याला आया डोक्यावरचा पदर सावरून पुढं येऊन बसतात.

त्यातल्या एका मुलीबद्दल सांगतो. नाव नको म्हणाली, म्हणून देत नाही. आईबाप ऊसतोडीला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्याच नगर जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला हे आपण परिसर अभ्यासात कौतुकानं सांगतो. पण याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावच्या माणसांना दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन गाव सोडावं लागतं, ते पुस्तकात नसतं. ही पोर पहिलीत आणि दुसरीत आईबापांबरोबर गेली. पहिलीचं तिचं पहिलं रेकॉर्डिंग ऑक्टोबर २०१५ चं. एक एक अक्षर लावत का होईना, ती चार शब्द वाचते. दुसरं रेकॉर्डिंग परत आल्यावरचं, एप्रिल २०१६ चं. त्यात तिला ‘कमळ’सुद्धा लागत नाही. दुसरीच्या वर्षी परत तेच झालं.

२०१७ च्या दिवाळीआधी मी तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं आणि चारही रेकॉर्डिंग एकापाठोपाठ ऐकवली. मी काही समजावून सांगितलं नाही. ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, “गुर्जी, म्हंजे शिकलेलं उसाच्या फडात सांडून येतीय व्हय पोरगी?” त्या वर्षापासून ती आजीपाशी राहिली. हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून तिचं जेवण शाळेत व्हायचं. तिसरीत ती वाचायला लागली. चौथीत ती पहिलीच्या पोरांना वाचून दाखवत होती. तिच्या वडिलांनी मात्र तिचं हे वाचन कधी ऐकलेलं नव्हतं, कारण वाचन ऐन रंगात यायचं तेव्हा ते फडावर असायचे.

तर ही पोर ज्या वर्षी चौथीतून बाहेर पडणार, ते २०१९ साल. दुष्काळाचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी विजेचा दाब एकदम वाढला आणि संगणकातून जळका वास आला. मदरबोर्ड गेला. डिस्क मात्र फिरत होती, आवाजही नेहमीचाच. गावातला एक मुलगा चाकणला नोकरीला आहे, त्यानं त्याचा वापरलेला डेस्कटॉप शाळेला आणून दिला. मी मोठ्या हौसेनं आमची डिस्क त्यात बसवली आणि बटण दाबलं. पडद्यावर मदरबोर्डच्या कंपनीचं चिन्ह आलं, दोन-तीन ओळी आल्या आणि सगळं बंद. त्याचा एसएमपीएस कमजोर निघाला. पुन्हा काही तो चालू झाला नाही.

हरकत नाही म्हटलं. डिस्क घरी आणली, यूएसबीच्या ॲडॉप्टरनं माझ्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपवरही लिनक्सच आहे. जीपार्टेड उघडलं, त्यात डिस्कचे वाटे रंगीत पट्ट्यांनी दिसतात. पट्टी एकच होती, राखाडी. २९८ जीआयबी, सगळी ‘अनॲलोकेटेड’. म्हणजे वाटणीच झालेली नाही, सगळं पडीक रान!

पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदार बघून म्हणाला, “पार्टिशन उडालंय सर. फॉरमॅट मारून देतो, डिस्क चांगलीय, वाया नाही जायची.” त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या गिऱ्हाइकांना डिस्क हवी असते, आतलं नको असतं. आधीच्या शाळेत असताना मी अशाच सल्ल्याला ‘बरं’ म्हणालो होतो आणि दोन वर्षांची स्नेहसंमेलनं गमावली होती. ती हळहळ अजून आहे. म्हणून डिस्क पिशवीत घातली आणि परत आणली.

तरी संध्याकाळी शाळेत बसून मोह झालाच. जीपार्टेडमध्ये नवीन पार्टिशन टेबल बनवायची सोय असते. वाटलं, कोरा तक्ता बनवू, जुन्या मापानं तिथंच रेघा मारू, जमून जाईल. ती खिडकी उघडलीसुद्धा. वर लाल त्रिकोणात ताकीद होती, की याने डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. चौथीतली दोन पोरं शाळा सुटली तरी घुटमळत होती. संगणक उघडलाय म्हटल्यावर ती कशाला घरी जातात? एकजण लॅपटॉपवर वाकून बघत होता. मी शेजारच्या काळ्या खिडकीत ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा आधीच देऊन ठेवली होती. तो म्हणाला, “सर, या खिडकीत तीन वाटे लिव्हलेत. एसडीबी एक, दोन, तीन. मग त्या खिडकीत रिकामं का म्हणतंय?”

मी खिडकी बंद केली. खरंच की! एक प्रोग्राम म्हणत होता वाटे आहेत, दुसरा म्हणत होता काहीच नाही. एका गावचे दोन कारकून दोन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले, तर आपण जमीन नांगरायला घेत नाही. आधी कागद बघतो.

इथं थोडं थांबून सातबाऱ्यावर येतो, कारण मला स्वतःला हे सगळं त्यातूनच कळलं.

डिस्क म्हणजे शिवार समजा. त्यातला सगळ्यात लहान मोजका तुकडा म्हणजे सेक्टर, ५१२ बाइटचा. आपल्याकडं जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. तसा हा सेक्टर म्हणजे डिस्कचा गुंठा. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये वाटणीचा कागद असतो. ५१२ पैकी ४४६ बाइट संगणक सुरू करायच्या सूचनांसाठी, मग १६-१६ बाइटच्या चार नोंदी आणि शेवटी दोन बाइटचा शिक्का. चारच नोंदी, म्हणून मूळ वाटे चारच. प्रत्येक नोंदीत मुख्य दोन गोष्टी: वाटा कुठून सुरू आणि लांबी किती. बस्स. शिवारातलं पीक या कागदावर नसतं. सातबारा भिजला म्हणून विहीर आटत नाही, तसं हा कागद बिघडला म्हणून फाइली जात नाहीत. फक्त त्या कुठं आहेत ते सांगणारा कोणी उरत नाही. (कागद खरोखरच पुसला गेला असेल तर बांधांच्या खुणा शोधून तो पुन्हा लिहून देणारं ‘टेस्टडिस्क’ नावाचं फुकट साधन आहे. मला त्याची गरज पडली नाही, पण नाव लिहून ठेवा.)

आता भूमिती. पूर्वी सेक्टरचा पत्ता तीन आकड्यांत द्यायचे: कोणतं सिलिंडर, कोणतं हेड, त्यातला कितवा सेक्टर. जणू कोणता सर्व्हे नंबर, कोणता हिस्सा, कोणती पट्टी. याला डिस्कची जॉमेट्री म्हणायचे. नोंदीत या पत्त्यासाठी जागा इतकी आखडती होती की तो हिशेब साधारण ८.४ जीबीला संपायचा. डिस्क वाढत गेल्या तशी कागदावरची भूमिती खोटी व्हायला लागली. जुनी एफडिस्क ही आज्ञा दिली की ती सांगायची: २५५ हेड, ६३ सेक्टर, ३८,९१३ सिलिंडर. एवढ्याशा डबीत २५५ हेड कुठून येणार? असतात दोन-चार. बाकी सगळं आकडे जुळवण्यासाठी. मग सरळ पद्धत आली: पहिल्या सेक्टरला शून्य म्हणायचं आणि शेवटपर्यंत ओळीनं मोजत जायचं. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन ओळीनं गट नंबर आले, तसंच हे.

आता आमच्या डिस्ककडे. तिसरा वाटा उघडायला सांगितला तर लिनक्सनं नकार दिला. मग ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मनातल्या मनात जे बोलतो ते तिच्यात वाचायला मिळतं. तिथं लिहिलं होतं, बॅड जॉमेट्री! भूमिती चुकली. पुढं आकडे: फाइल सिस्टिम म्हणते माझे ब्लॉक ७,१८,५१,००८, पण वाट्यात मावतात ७,१८,५०,८२९.

मी पोरांना फळ्यावर आकडे लिहायला लावले. चौथीला एवढ्या मोठ्या संख्या नसतात, पण वजाबाकीला काय, हातचा तोच. उत्तर आलं १७९. म्हणजे सात कोटींपैकी फक्त १७९ ब्लॉक कमी पडत होते. सात कोटींत पावणेदोनशे! शिवार तिथंच होतं, विहीर तिथंच होती, शेवटच्या बांधापाशी दोन पावलं कमी भरत होती. आणि तेवढ्यासाठी एक प्रोग्राम दार उघडत नव्हता, तर दुसऱ्यानं अख्खं गाव पडीक ठरवलं होतं.

दुरुस्तीचा एक प्रोग्राम असतो, एफएसके. तोही लावून बघितला. त्यानं सांगितलं, वाटणीचा कागद किंवा फाइल सिस्टिमचा दाखला, दोन्हींपैकी एक बिघडलेला दिसतो, थांबू का? मी म्हटलं, थांब बाबा. मित्रांनो, हा प्रश्न आला की ‘थांब’च म्हणायचं. आपल्याला कुठला कागद खोटा ते कळलेलं नसताना त्याला दुरुस्ती करू देणं म्हणजे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बांध सरकवणं.

मग एफडिस्कनं वाटणीचा कागद काढला. तिसरा वाटा संपत होता ६२,५१,४१,७५९ व्या सेक्टरला. आणि डिस्कचे एकूण सेक्टर होते ६२,५१,४०,३३५. म्हणजे शेवटचा नंबर ६२,५१,४०,३३४. वाटा शिवाराच्या १,४२५ सेक्टर बाहेर गेलेला. मोजणी तर मीच केली होती २०१५ ला. बाहेर जाईलच कसा?

दुसरा पोरगा तेवढ्यात डिस्क हातात घेऊन उलटीपालटी करत होता. (केबल काढली होती, काळजी नको.) तिच्यावरच्या लेबलावरचा आकडा तो अंक अंक वाचायला लागला. “सहा, दोन, पाच, एक, चार, दोन, चार, चार, आठ.” मी म्हटलं चुकतोयस, चाळीस हजारच्या जागी बेचाळीस वाचतोयस. तो म्हणाला, “नाही सर, बेचाळीसच हाय.” मी घेऊन बघितलं. ६२,५१,४२,४४८. कारखान्यात छापलेला आकडा. पडद्यावरचा आकडा त्यापेक्षा २,११३ नं कमी.

वाटा बाहेर गेला नव्हता. शिवारच कोणीतरी आखडून ठेवलं होतं.

त्या रात्री वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. डिस्कला एक सोय असते: शेवटचा काही भाग झाकून ठेवायचा आणि ‘मी एवढीच आहे’ असं सांगायचं. त्याला होस्ट प्रोटेक्टेड एरिया म्हणतात. काही मदरबोर्ड चालू होताक्षणी डिस्कच्या टोकाची जागा अशी झाकून घेतात आणि तिथं स्वतःच्या बायोसची नक्कल ठेवतात. २,११३ सेक्टर म्हणजे १०,८१,८५६ बाइट, जेमतेम एक एमबी. चाकणहून आलेला तो डेस्कटॉप दोन मिनिटंच जगला, पण तेवढ्यात त्यानं आमच्या शेतात आपली झोपडी टाकून घेतली होती. डिस्क तिथून काढली तरी ती स्वतःला तेवढीच समजत राहिली.

आणखी एक गंमत कळली. सिलिंडरच्या जुन्या मापानं वाटणी केली असती, तर ३८,९१३ सिलिंडरांचा हिशेब ६२,५१,३७,३४५ ला संपला असता आणि टोकाला पाच हजारांवर सेक्टर तसेच पडून राहिले असते. म्हणजे झोपडी त्या पडीक जागेत बसली असती आणि मला काही कळलंही नसतं. मी नव्या पद्धतीनं शेवटच्या वावापर्यंत पेरणी केली, म्हणून अडकलो. आमचे आजोबा बांधालगत हातभर जागा सोडायचे, ती आठवली.

इलाज कळला तरी लगेच करता येईना. झाकलेली जागा उघडायला डिस्कशी सरळ बोलावं लागतं, आणि माझा यूएसबी ॲडॉप्टर तो निरोप आत पोचवत नव्हता. डिस्क डेस्कटॉपमध्ये थेट केबलनं लावायला हवी होती. शेजारच्या वस्तीच्या शाळेत एक चालू डेस्कटॉप होता. पण मधे निवडणूक आली. २३ एप्रिलला नगर लोकसभेचं मतदान, त्याआधी प्रशिक्षणं, मग यंत्रं घेऊन केंद्रावर मुक्काम. केंद्रावर रात्री झोप येईना. मनात तीच भीती, की घरी कोणी उत्साहानं डिस्क उघडून ‘फॉरमॅट करू का?’ला हो म्हणालं तर? बायकोला फोन करून सांगितलं, कपाटातली ती काळी डबी कोणाला देऊ नको. ती म्हणाली, “दागिने विचारत नाहीत कधी एवढे.”

२५ तारखेला शेजारच्या शाळेत गेलो. तिथल्या मॅडमनी आधी विचारलं, “आमचा संगणक तर बिघडणार नाही ना?” रास्त प्रश्न. त्यांची डिस्क आम्ही काढूनच ठेवली. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालू केलं आणि आमची डिस्क थेट केबलनं जोडली. आपल्या हाताला थरथर असते तेव्हा स्क्रू नेमका लहान असतो.

कर्नलच्या ओळी सरकायला लागल्या. त्यातली एक: एचपीए सापडला, सध्याचे सेक्टर ६२,५१,४०,३३५, मूळचे ६२,५१,४२,४४८. आमच्या फळ्यावरचेच दोन आकडे, यंत्राच्या तोंडून! आणि पुढच्या ओळीत त्यानं स्वतःच सांगितलं, की तिसरा वाटा डिस्कच्या बाहेर जातोय म्हणून मी मूळची पूर्ण जागा उघडतो. मी एकही आज्ञा दिली नव्हती. थेट केबल असली की लिनक्स हे आपणहून करतं. दोन आठवडे मी जे कोडं घेऊन फिरत होतो, ते एका केबलनं सुटलं. थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

वाटा उघडला, पण फक्त वाचण्यापुरता. लिहायची मुभा दिली नाही. ‘वाचन’ फोल्डर होतं. अकरा जीबी. आधी ते एका पेन ड्राइव्हवर उतरवलं, मग मॅडमच्या पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत. त्यानंतरच ‘एचडीपार्म’ ही आज्ञा देऊन डिस्कला तिचा मूळ आकडा कायमचा परत दिला. वाटणीचा कागदही एका साध्या फाइलीत उतरवून घेतला. ‘एसएफडिस्क’नं तो दहा ओळींत निघतो, छापून दप्तरात ठेवता येतो. तुम्ही सगळ्यांनी हे आजच करा, बिघडायची वाट बघू नका. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यातलं काहीही करू नका. तो कागदाचा घोळ नसतो, जमीनच खचत असते. बंद करा आणि जाणकाराकडं न्या.

निरोप समारंभ २७ ला झाला. आवाज लावले, आया पुढं येऊन बसल्या. त्या मुलीची आजी आली होती. आईवडील नव्हते. ते फडावरून परतले होते, पण घरी चारा नाही, पाणी नाही, म्हणून बैलजोडी आणि गाय घेऊन सरळ चारा छावणीत गेलेले. जनावरं सोडून यायचं कसं?

दुसऱ्या दिवशी रविवार. रेकॉर्डिंग मोबाइलवर घेतली, पोरीला आणि आजीला गाडीवर बसवलं आणि छावणीवर गेलो. वडील वैरण टाकत होते, हात तसेच धोतराला पुसत आले. लिंबाखाली पोत्यावर बसलो. आधी चौथीचं लावलं. पोर घडाघडा वाचतेय, मधेच थांबून एक अवघड शब्द पुन्हा नीट म्हणतेय. वडील मोबाइलकडं बघत होते आणि आई पोरीकडं.

मग मी पहिलीचं, ऑक्टोबर २०१५ चं लावलं. बारीक आवाज, एक अक्षर, मग मोठा श्वास, मग दुसरं अक्षर. रेकॉर्डिंगच्या शेवटी मागून एक बाईमाणसाचा आवाज येतो. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं पण कधी लक्ष दिलं नव्हतं. दारातून कोणीतरी घाईनं विचारतंय, “झालं का गं? ट्रॅक्टर आलाय.”

आई एकदम हसली. “आवं, ह्यो तर माझाच आवाज!” मग तिनं तोंडाला पदर लावला. वडिलांनी वैरणीची पेंढी उचलली, खाली ठेवली आणि म्हणाले, “गुर्जी, अजून एकदा लावा की.”